सरासरी

बिल आलं ते दाराच्या फटीतून,
अर्धं आत, अर्धं उंबऱ्याबाहेर,
वर कुणाच्या तरी बुटाचा चिखल.

पंचेचाळीस दिवस मी इचलकरंजीत होते,
लेकीच्या बाळंतपणात, डिंकात, शेकशेगडीत.
खासबागेतल्या ह्या घराला कुलूप.
दूध बंद, पेपर बंद,
गॅसचा कॉक आडवा करून गेले होते,
आणि रिक्षावाला हॉर्न मारत असताना
परत येऊन एकदा बघितला होता.

बिल म्हणतंय, वापर: नऊ युनिट.

नऊ!
पुरते दोन महिने शेगडीपुढं उभी राहिले
तरी नवाच्या वर मी कधी गेले नाही.

कागदावर कन्नड.
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
ही आपापली उभी, डोक्यावर छोटा तुरा घेऊन.
आकडे तेवढे ओळखीचे.
मागचं रीडिंग २०४, आताचं २१३.

शेजारच्या दाक्षायणीला हाक मारली.
सातवीत आहे, बोट ठेवून वाचते.
'हिंदिन बाकी,' म्हणाली.
बाकी म्हणजे काय गं?
'बाकी म्हणजे बाकीच की, आज्जी.'
मग दंड. मग जमा.
मग चौकटीतला एक शब्द, शाई पुसट झालेला:
स... रा... स... री.

'हे तर आमचं,' मी म्हटलं.
'नम्दु री,' ती म्हणाली
आणि पुढच्या ओळीवर गेली.

चाळीस वर्षं रविवारच्या बाजारात
'एष्टु' एवढ्याच कन्नडवर मी मेथी घेतली.
कुणी सांगितलं नाही
की देण्याघेण्याचे शब्द
दोन्ही घरांत आधीपासून राहायला आहेत.
दुकानांवरच्या पाट्या रंगवतात, पुसतात, पुन्हा रंगवतात.
बाकी मात्र कुणी खोडत नाही.

मीटरवाल्या ईरण्णाला फोन लावला.
'अक्का, बागला हाकित्तु. दार बंद होतं.
मग सिस्टम सरासरी घालतंय की.
तुम्ही मीटरचा फोटो काढून पाठवा.
केंपु बिडरी. लाल सोडायचं, काळं तेवढं धरायचं.'

परसात, मोरीच्या वर, बॅटरी धरून बघितलं.
काळे आकडे: २०६.

म्हणजे सात युनिट
माझ्या कुलूपबंद घरात कुणीतरी जाळले.

कोण ते मला कळलं.
ती सरासरी बाई.
मागच्या सहा बिलांतून कंपनीनं तिला घडवलं,
माझ्याच चहातून, माझ्याच वाटीभर भातातून.
पहाटे सहाला उठत असणार,
आलं ठेचत असणार बत्त्यानं.
तिला ताप येत नाही, पाहुणे येत नाहीत,
एखाद्या रात्री नुसत्या दूध-केळ्यावर ती झोपत नाही.
तिला लेक नाही, म्हणून जायला गाव नाही.
जेवून, भांडी विसळून, पातेलं पालथं घालून
मी कुलूप उघडायच्या आत ती निघून गेली.
ओट्यावर एक डागसुद्धा नाही.

इतकी टापटीप मला कधी जमली नाही.

'पुढच्या बिलात वजा होईल,' ईरण्णा म्हणाला होता.
(वजासुद्धा त्यांच्यात आहे म्हणे, दाक्षायणीला विचारलं.)
म्हणजे आता महिना-दीड महिना
मी तिनं भरून ठेवलेला गॅस जाळणार.
पैसे माझेच, हे खरं,
तरी शेगडी पेटवताना
उगीच कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटतं.

फोटो दोनदा हलला, तिसऱ्यांदा आला.
खाली गिचमिड इंग्रजीत नाव टाकलं: शेवंता कंग्राळकर.
मग आधण ठेवलं
आणि मीटरपाशी जाऊन उभी राहिले.

एका कपाला लाल आकडे वीस-बावीस घरं सरकतात.
शेवटचं चाक सगळ्यात घाईचं.
मी गॅस बंद केला तेव्हा ते
सहा आणि सातच्या मधे थांबलं,
सहाचं पोट वर, सातचा माथा खाली,
धड कुठलाच नाही.

केंपु बिडरी.
सोडला.
चहा गाळायला गेले तोवर
वर साय धरली होती.